अंबाड्यातला हात

हॉलच्या मधोमध मी उभी होते. दोन्ही हात कणकेनं भरलेले. वहिनींनी मागून माझ्या अंबाड्यात हात घातला आणि आकडे ओढले. आकड्यांबरोबर केस तुटून आले.

"अगं बाई, अस्सल आहेत! गंगावन नाही!"

सोफ्यावरच्या बायका हसल्या.

डोंबिवलीत वहिनींच्या घरी मी स्वयंपाकाच्या कामाला होते. गुरुवारी दुपारी त्यांच्या मैत्रिणी जमत आणि जुन्या कादंबऱ्या वाचत. गोऱ्या लोकांच्या, आपल्या पणजीच्याही आधीच्या काळातल्या, मराठीत आणलेल्या. एकजण मोठ्यानं वाचायची. गोष्ट कुठलीही असो, विषय लग्नाचा. घरात मुलीच मुली, बापाजवळ पैसा नाही. आई त्यांना नटवून नाचाच्या समारंभाला नेणार, तिथं जमीनदारांची पोरं त्यांना निरखणार. मला गुरुवार आवडायचा. लाटणं हळू फिरवलं की सगळं ऐकू यायचं.

त्या दिवशी गोष्टीतल्या गरीब मुलीनं एका श्रीमंत माणसाला तोंडावर नाही म्हटलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात पिठात होते, नाहीतर मीही वाजवल्या असत्या.

मग बोलणं आपल्याकडच्या मुलगी बघण्यावर आलं. कुणाला तरी मजा सुचली. करून बघू या. नवरी कोण? वहिनी स्वयंपाकघरात आल्या.

"चल गं, जरा उभी राहा आमच्यासमोर."

"वहिनी, पोळ्या व्हायच्यात."

"होतील गं. बघा, लाजते पण नवरीसारखीच!"

दंडाला धरून नेलं. चालून दाखव म्हणाल्या, चालले. एकीनं हनुवटी धरून माझं तोंड उघडलं, दात बघितले.

"बाप काय देणार हिचा?"

"हिला करून कोण घेतोय? फार तर ठेवून घेतील."

हशा. आणि मग तो अंबाड्यातला हात.

केस पाठीवर पडले तशी मी पंधरा वर्षांची झाले. गावचं घर. सारवलेली जमीन. नवऱ्याच्या आत्यानं मला ओल्या पायांनी चालवलं, पाऊल नीट उठतं का बघायला. पापण्या ओढल्या. वेणी सोडून केस मुठीत धरून ताणले. मी खाली बघत होते. आई दारामागून खुणावत होती, हस, हस.

आणि दिवा स्टेशनजवळच्या आमच्या खोलीत माझी पोर होती. येत्या रविवारी तिला बघायला खडवलीची माणसं येणार होती. सकाळीच मी तिला सांगून निघाले होते, केस धुऊन ठेव, कुणी म्हटलं तर सोडून दाखव. मीच सांगितलं होतं. माझ्या आईच्या तोंडानं.

मी वळले. वहिनींचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. कट् आवाज झाला तो बांगडीचा. त्या किंचाळल्या.

"नाही," मी म्हटलं.

इतकंच. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. वाचणारीनं हातातली जाडजूड कादंबरी माझ्या कानावर हाणली. डोक्यात घण बसला. वहिनी ओरडत होत्या, "माजलीय! बाहेर काढा हिला!" मी केस मोकळे ठेवूनच जिना उतरले. हातावरची कणीक वाळून तडकत होती.

नवऱ्याला रविवार सोडून दुसरं काही ऐकायचं नव्हतं. "कामावरून काढलं ते सांगू नकोस त्यांना," एवढंच बोलला.

माणसं आली. पोहे झाले. पोरीचं नाव विचारलं, बाकी सगळं तिच्या बापाला विचारलं. मग मुलाची मावशी उठली. पोरीच्या मागं गेली. "केस किती आहेत बघू," म्हणत तिनं वेणीकडे हात नेला.

मी तो हवेतच धरला.

"आई, सोड," पोर पुटपुटली. तिची मान खाली होती. माझ्यासारखीच.

"वर बघ," मी तिला म्हटलं. "तुला हा मुलगा पाहिजे?"

तिनं वर बघितलं. आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे.

"नाही."

माणसं चपला शोधत निघाली. दार लागलं तशी नवऱ्याची बुक्की माझ्या तोंडावर बसली. ओठ फाटला. दुसरी उगारली तेव्हा माझ्या हातात पेटत्या गॅसवरच्या तव्यातलं उलथणं होतं, तापलेलं. मी ते त्याच्या मनगटावर टेकवलं. मांस चरचरलं. तो भिंतीला टेकला. इतक्या वर्षांत त्याला भ्यायलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

पिंपातलं पाणी घेऊन मी तोंड धुतलं. रक्त गेलं, चव राहिली.

मी कमी बोलते. तरी एवढं ठरलंय. माझ्या पोरीला बघायला आता कुणी येणार नाही. ज्याला यायचं त्यानं तिला विचारून यावं, तिच्यासमोर बसावं, ती नाही म्हणाली की उठावं. तिच्या केसांकडे हात गेला तर तो मी मोडीन. बापाचा असला तरी. मनगट कसं पिरगाळायचं ते मला आता माहीत आहे.