चंदनाच्या वडीतला दात

बुधवार, १४ नोव्हेंबर. सकाळीच गॅस संपला, चहा शेजारून आला. इस्त्रीवालीची कवळी दुसऱ्यांदा परत आली. हे जेवले नाहीत. आंघोळीची वडी पुन्हा कोरलेली.

कवळीवाल्यांच्या घरात साबण कधीच पुरला नाही. तीस वर्षं ते दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या करत होते, आणि तीस वर्षं रोज सकाळी, चहाला उकळी येईपर्यंत, साबणाचा तुकडा घेऊन एक दात कोरत होते. आदल्या दिवशी कुठेतरी पाहिलेला. बसमध्ये जांभई देणाऱ्याचा, नाहीतर भाजीच्या गाडीवर तावातावाने भांडणाऱ्या बाईचा. चहा गाळला की सुरी खाली. दात अर्धा राहिला तर अर्धाच डब्यात जायचा.

"सकाळी सकाळी लोकांचे दात काय काढत बसता?" बायको म्हणायची.

"अगं, हात म्हणजे घरजावई. रोज कामाला लावला नाही, की बसून खातो."

ती रोजनिशीत लिहून ठेवायची: कुणाचा दात, आणि कुठला साबण वाया गेला. वर्ष संपलं की बिस्किटांचा एक रिकामा डबा नवऱ्याच्या हातात द्यायची. जुना डबा माळ्यावर.

इस्त्रीवाली पुढच्या गल्लीतली, सत्तरी ओलांडलेली. तिचा नवरा हळूहळू सगळं विसरला होता. घर, मुलं, स्वतःचं वयसुद्धा. विसरला नव्हता फक्त तिला. जेवायचा तो तिच्याच हातून. पण तिचे दात काढले आणि तीही त्याच्या हिशेबातून गेली. सुनेने भरवलेले दोन घास कसेबसे गिळायचा आणि दाराकडे बघत बसायचा. सगळी आशा नव्या कवळीवर होती.

कवळीवाल्यांनी जीव ओतून काम केलं. पांढरेशुभ्र दात, ओळंब्यात बसवल्यासारखे सरळ. इस्त्रीवाली ती कवळी घालून, हसत, चमचा घेऊन नवऱ्यासमोर बसली. तो अदबीने उठून उभा राहिला.

"बसा हं," म्हणाला, "ती येईलच इतक्यात."

कवळीवाल्यांना वाटलं, बसायला सैल असेल, म्हणून तोंड नीट हलत नसेल. त्यांनी ती घट्ट करून दिली. ती दुसऱ्यांदा परत आली.

"भाऊ, दात झकास आहेत," इस्त्रीवाली म्हणाली. "पण हे तोंड दुसऱ्याच कुणाचं आहे. माणूस उपाशी मरेल हो माझा."

"आधीचे कसे होते, ताई?"

"मी काय आरशात बघून इस्त्री करत होते?"

फोटो आणले, तर सगळ्यांत तोंड मिटलेलं.

त्या संध्याकाळी कवळीवाल्यांचं ताट तसंच राहिलं, तेव्हा बायकोने जुन्या रोजनिश्यांचा गठ्ठा काढला. एकेक वही चाळत ती नऊ वर्षं मागे गेली.

"हे ऐका. सात जून. 'इस्त्रीवालीचा पुढचा दात. चंदनाची वडी वाया.'"

"एवढं लिहून ठेवलंस?"

"पाहुण्यांसाठी ठेवलेली वडी होती ती!"

त्या वर्षीचा डबा चादरीवर उपडा केला. तीनशेच्या वर दात, सगळे वाळून सारखेच पिवळे. कवळीवाले एकेक उजेडात धरत होते. बायकोने मात्र वास घ्यायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने एक दात नाकाशी धरून ती थांबली.

"हा घ्या. अजून घमघमतोय."

वरचा, समोरचा दात. गर्दीत पुढच्याच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या माणसासारखा शेजाऱ्यावर चढलेला. खालचा कोपरा झिजलेला. इस्त्रीच्या कपड्यांची तुटलेली बटणं लावून झाल्यावर ती दोरा दातानेच तोडायची. कवळीवाल्यांना आता ते स्पष्ट आठवलं.

साबण वाळला की आकसतो, पण तिरकेपणा आकसत नाही. हा पुढे आला, म्हणजे शेजारचा मागे सरकलेला असणार; तो मागे, तर त्याच्या पलीकडचा वळलेला. रोजच्या त्या दहा मिनिटांनी हाताला हे सगळं शिकवून ठेवलं होतं. त्यांनी मेणात दात बसवले, तेव्हा सुरी एकदाही अडली नाही.

"मुद्दाम वाकडे?" दंतवैद्य म्हणाले. "लोक हसतील."

"हसू देत, डॉक्टर. मला एकाच माणसाशी मतलब आहे."

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी कवळीवाले स्वतः इस्त्रीवालीच्या घरी गेले. नवरा खिडकीपाशी बसला होता. ती चमचा घेऊन समोर बसली, पण या वेळी हसली नाही.

"आ करा," ती म्हणाली.

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने बोट पुढे केलं आणि त्या झिजलेल्या कोपऱ्याला लावलं.

"किती वेळा सांगितलं तुला," तो चिडून म्हणाला, "कात्री घेत जा म्हणून."

आणि त्याने आ केला.

कवळीवाले घरी आले आणि आधी जेवायला बसले. दोनदा वाढून घेतलं. सगळी हकीगत ऐकून झाल्यावर बायको पिशवी घेऊन दुकानात जाऊन आली, आणि दिवे लागल्यावर तिने वही उघडली.

शनिवार, २४ नोव्हेंबर. चंदनाच्या साबणाच्या दोन वड्या आणल्या. एक आंघोळीसाठी.