हळदीचा डाग

पायाला प्लास्टर घातल्यामुळे माझी दहा वर्षांची मुलगी मुक्ता महिनाभर घरीच शिकत होती आणि पार कंटाळली होती. एका सकाळी तिने हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याने स्वतःचं नाव लिहिलं. पिवळ्यावर लाल अक्षरं उमटली. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या कमलमावशी हात पुसत थांबल्या.

“अगं, हळदीच्या डागाला साबण लावला की असंच होतं. इतकी वर्षं बघतेय, पण का ते कधी मनात आलं नाही.”

मुक्ताने पुस्तकातलं कारण वाचून दाखवलं. मावशींनी लगेच विचारलं, “मग तोच डाग उन्हात कसा उडतो?”

पुस्तकात ते नव्हतं. मी फोन हातात घेतला, तशी मुक्ता म्हणाली, “बाबा, सांगू नकोस. आम्ही करून बघतो.”

एखादी गोष्ट रोज दिसणं आणि एके दिवशी तिचं नवल वाटणं, यांत किती काळ जातो! दोघींनी जुन्या रुमालाचे दोन तुकडे हळदीत बुडवले. एक मावशींनी कपाटात ठेवला.

“उन्हातला मीच नेते,” म्हणत मुक्ताने महिन्यात पहिल्यांदा स्वतःहून कुबड्या मागितल्या.