धम्मरत्नची 'रेघ'

डोणगावच्या मनकर्णाबाईंना आपलं पोर धांदरट वाटायचं. मिरची तोडायला नेलं, की लाल मिरच्यांच्या टोपलीत हा हिरव्याही टाकायचा. "डोये फुटले का रे तुहे?" म्हणून त्या ओरडायच्या. धम्मरत्न पुढच्या झाडाकडे वळायचा. आपलं नेमकं काय चुकतं, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

कळलं ते पोलीस भरतीत. धावणं झालं, छाती भरली, आणि डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. ठिपक्यांतला आकडा त्याला काही दिसेना. "तुला लाल-हिरवं ओळखू येत नाही," एवढं सांगून डॉक्टरांनी पुढच्याला हाक मारली. घरी काहीबाही कारण सांगून तो बुलढाण्याला संख्याशास्त्र शिकायला गेला. आकड्यांना रंग नसतो, हा त्याचा हिशोब.

तोही चुकला. सुचिता मॅडमनी 'आर' ही संगणकभाषा शिकवायला घेतली आणि पडद्यावर सोयाबीनच्या दोन वाणांच्या उत्पन्नाचा आलेख दाखवला. एक रेघ लाल, एक हिरवी.

"धम्मरत्न, लाल रेघ कोणत्या वर्षी खाली आली?"

तो उभा राहिला. दोन्ही रेघा त्याला एकाच मातकट रंगाच्या दिसत होत्या, आणि मध्येच त्या एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या.

"काऊन बे, झोपून राह्यला का?" मागून अविनाश म्हणाला. वर्ग हसला.

तास संपला तरी धम्मरत्न लॅबमध्येच बसून राहिला. आलेख काढणाऱ्या फंक्शनची, म्हणजे तयार आज्ञेची, माहिती उघडून त्याने ओळ न् ओळ वाचली. रंग ही तर तिथे नुसती एक सूचना होती. रेघेची जाडी, तिचा तुटकपणा, बिंदूचा आकार, सगळंच आपल्या मनासारखं सांगता येत होतं. त्याने एक रेघ सलग ठेवली, दुसरी तुटक. एकीवर गोल, दुसरीवर त्रिकोण. आलेख सरळ वाचता आला. पण दरवेळी एवढं लिहीत कोण बसणार? त्याने स्वतःचंच फंक्शन रचायला घेतलं आणि त्याला नाव दिलं 'रेघ'.

काम सोपं नव्हतं. वाणाचं नाव रेघेच्या टोकाशीच यावं, असं त्याला हवं होतं. ते कडेला कापलं जाई, म्हणून उजवा समास वाढवला. दोन टोकं जवळ आली की नावं एकमेकांवर चढत. मग वरचं नाव थोडं सरकवणाऱ्या ओळी लिहिल्या. त्या चालल्या, तर एखाद्या वर्षाची नोंद नसली की सगळंच अडे. "जमत नाही म्हंजे काय," असं पुटपुटत तो पुन्हा सुरू करी.

सेमिनारात त्याने 'रेघ'ने काढलेला आलेख दाखवला, तेव्हा मॅडमनी विचारलं, "रंग का नाही वापरलेस?"

बहाणे तयार होते. पण तो म्हणाला, "मॅडम, मले लाल आन हिरवं सारखंच दिसते."

मॅडमनी कीव केली नाही. "माझ्या शोधनिबंधात सहा वाण आहेत," त्या म्हणाल्या. "तुझ्या फंक्शनात बसतील?"

बसले नाहीत. सहा रेघांचा नुसता गुंता झाला. धम्मरत्न हटला नाही. त्याने प्रत्येक वाणाला वेगळी छोटी चौकट दिली. तिच्यात त्या वाणाची रेघ ठळक काळी, बाकीच्या फिकट करड्या. एक दिवस अविनाश शेजारी खुर्ची ओढून बसला. "माह्या कपाशीचे आकडे टाकून पाय," म्हणाला. त्या आकड्यांनी फंक्शनातल्या आणखी दोन-चार चुका उघड्या पाडल्या, आणि दोघांनी मिळून त्या काढल्या. माफी वगैरे कोणी मागितली नाही. मॅडमचा निबंध छापून आला तो याच आलेखासह.

आता धम्मरत्न बुलढाण्यातच एका कॉलेजात प्रॅक्टिकल घेतो. नव्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगतो, "कोणाले रंग ओयखू येत नसन, तर सांगजा. सांगाचं नसन तरी चालते. आलेख वाचता आलाच पाह्यजे, ते माह्याकडं लागलं."