जसंच्या तसं

आमची ही छत्तीस वर्षं एका कचेरीत टायपिस्ट होती. तिचे साहेब मजकूर सांगायचे तो अर्धा तोंडातल्या तोंडात, अर्धा खिडकीकडे बघून. वाक्य एका विषयावर सुरू व्हायचं आणि भलत्याच विषयावर संपायचं. कधी संपायचंच नाही. ही ते नीट लावून, कर्त्याला क्रियापद जोडून कागद समोर ठेवायची. साहेब वाचून म्हणायचे, "वा, अगदी जसंच्या तसं." या शाबासकीने पुढे एवढा घोटाळा होईल असं कुणाला वाटलं असतं?

निवृत्तीनंतर तिने घरी बसून मुलाखती टाईप करून द्यायचं काम धरलं. संशोधन करणारी मुलं ध्वनिमुद्रणं आणून द्यायची. कानाला हेडफोन लावून ही जेवणाच्या टेबलाशी बसायची. मध्येच हाक मारली तर एक बोट वर करायची. त्याचा अर्थ, वाक्य संपू दे. त्या बोटाच्या धाकात माझं पुष्कळ आयुष्य गेलं आहे.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. घरच्या आजारी माणसाचं सगळं करणाऱ्या बारा बायकांशी ती बोलून आली होती. किती जणी, किती तास, असं मोजायचं नव्हतं. त्या आपल्या दिवसाबद्दल काय सांगतात आणि कसं सांगतात, ते तिला समजून घ्यायचं होतं. "याला गुणात्मक संशोधन म्हणतात, काका," ती म्हणाली. मी मान हलवली. कळलं नाही की मी हलवतो तशी.

"मीपण केलंय आठ महिने," ही म्हणाली. "चार वर्षांपूर्वी यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं."

"मग तुमचीच मुलाखत घ्यायला हवी होती, काकू."

"माझं काय, सांगण्यासारखं काही नाही."

जाताना ती मुलगी दारात थांबून म्हणाली, "सगळं जसंच्या तसं हवं बरं का."

"त्याची काळजीच नको," ही म्हणाली.

महिन्याभरात बारा मुलाखती तयार झाल्या. त्या घेऊन गेलेली मुलगी आठवड्याने परत आली आणि पिशवीतून ते कागद काढून तिने टेबलावर ठेवले.

"मार्गदर्शक बाई विचारत होत्या, या बारा बायका आहेत की एकच बाई बारा वेळा बोललीय? एकही कुठे अडखळत नाही."

"अडखळतात ना. मी काढून टाकलं ते," ही अगदी सहज म्हणाली. "अं, म्हंजे, काय ते. कचरा होता नुसता."

"काकू, मला तो कचराच हवा होता."

मग तिने समजावून सांगितलं. अभ्यासाला एक सैद्धांतिक चौकट लागते, म्हणजे ऐकलेलं कोणत्या विचारातून बघायचं ते आधी ठरवावं लागतं. तिची चौकट अशी, की सेवा हा करणाऱ्यावर भार असतो. आणि कागदावर, "कधी कंटाळा येतो का?" या प्रश्नाला बाराही जणींचं उत्तर, "नाही." भार कुठेच दिसत नव्हता. तीन आठवड्यांत प्रबंधाचं प्रकरण लिहून द्यायचं होतं. नाही जमलं तर विषयच सोडावा लागणार होता.

ती गेल्यावर ही हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसली.

"इतकी वर्षं मी चुकीचं करत होते का हो?"

"साहेबांसाठी बरोबरच होतं की."

"या बायका साहेब नाहीत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिली मुलाखत पुन्हा सुरुवातीपासून लावली. स्वयंपाक माझ्याकडे आला. तिने त्याला नावं ठेवली नाहीत, यावरून तिचं लक्ष कुठे होतं ते समजावं. माझं सेकंदकाट्याचं जुनं घड्याळ तिने मागून घेतलं आणि समोर ठेवलं.

सतराव्या दिवशी त्या मुलीने आमच्या टेबलाशीच कागद वाचायला घेतले. कंटाळ्याच्या प्रश्नापुढे एकीचं होतं: (नऊ सेकंद गप्प) नाही. दुसरीचं: (खुर्ची सरकवते, हसते, लगेच थांबते) नाही हो. तिसरीचं: कंटाळा ना, म्हंजे, तसा, अं, नाही.

तिने एकेका ओळीवर बोट ठेवलं. "नाही म्हणायला यांना किती वेळ लागलाय, काकू."

"मग तुझी चौकट बसली का?"

"थोडी मोठी करावी लागेल. गप्प बसणंही आत मावेल एवढी."

प्रकरण वेळेत गेलं आणि मान्यही झालं, ते पुढे. त्या दिवशी मुलगी कागद घेऊन गेली आणि ही टेबल आवरू लागली. मी तिला चार वर्षांत विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"अगं, मी पडून होतो तेव्हा तुला कंटाळा यायचा का?"

तिने बोट वर केलं नाही. घड्याळ टेबलावरच होतं. माझी नजर सेकंदकाट्यावर गेली, मग बरं वाटेना म्हणून मी ते पालथं घातलं.

"यायचा," ती म्हणाली. "दुपारी तीनच्या सुमाराला, फार. मग, अं, तुमचं घोरणं ऐकू आलं की म्हंजे... जायचा."

हे लिहिताना तिच्या बोलण्यातलं काहीही मी नीट लावलेलं नाही.