गुडघ्याच्या वर चार बोटं

माझ्या मांडीची कातडी गुडघ्यावर येऊन लोंबते, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी कळायचं काही कारणच नव्हतं. आमच्याकडे बाईचं तोंड दिसतं, हात दिसतात, फार तर घोट्यापर्यंत पाय. गुडघा फक्त मोरीत दिसतो, आणि मोरीत आपण स्वतःकडे कुठे बघतो. भराभर तांबे ओतायचे आणि बाहेर यायचं. तरुणपणी माझा गुडघा कसा होता हेही मला आठवत नाही. म्हणजे तुलनेला काहीच नव्हतं. तुलना मिळाली ती जालन्यात, व्यायाम शिकवणाऱ्या एका डॉक्टर मुलीच्या दवाखान्यात, आणि तीही माझ्या धाकट्या जावेशी.

झालं असं होतं, की अंगण धुताना धाकटीचा पाय घसरला आणि उजवा गुडघा पिळला गेला. दीड महिना पट्टा बांधून तिने पलंगावर काढला. पट्टा निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता व्यायाम शिकून घ्या. माझे गुडघे जिना चढताना करकर वाजायचे, म्हणून दिरांनी एकाच खेपेत दोघींना राजूरहून एसटीत बसवून दिलं.

दवाखान्यात दोन पलंग होते, मधला पडदा सरकवलेला होता. मुलगी म्हणाली, साडी गुडघ्याच्या वर घ्या. आम्ही दोघी एका घरात तीस वर्षं नांदलो, पण एकमेकींचे गुडघे असे शेजारी शेजारी कधी पाहिले नव्हते. मी आधी तिचा पाहिला. दुखणाईत पाय, दीड महिना पट्ट्यात कोंडलेला, तरी कातडी तुकतुकीत, वाटी जिथल्या तिथे. मग माझा पाहिला. इलास्टिक सैल झालेला मोजा घोट्यावर गोळा होतो, तशी माझी कातडी वाटीच्या वर गोळा होऊन बसली होती. त्यावर बारीक सुरकुत्या, आणि आतल्या बाजूला चक्क एक पिशवी.

मी मनात म्हटलं, इथंही हीच.

हे 'इथंही' सांगायला हवं. मी शाळेत मास्तरीण. पगार माझा, गावात मान माझा, सहीला पेन माझं. धाकटी चौथी शिकलेली, रानात राबणारी. वरून बघणाऱ्याला वाटेल, जळायचं असेल तर तिने माझ्यावर जळावं. पण घरात सगळं उलटं. सासूबाईंना भाजी तिच्या हातची लागायची. दुखणं आलं की पाय तिने चेपलेले चालायचे. आणि माझी दोन्ही पोरं. रजा संपली की मला शाळेत हजर व्हावं लागायचं. मग सकाळी धाकटी पाटावर बसून पाय लांब करायची, लुगडं वर खोचायची, आणि माझं तान्हं लेकरू तिच्या पायांवर पालथं पडून कढत पाण्याखाली हुंकार द्यायचं. मी डब्याची पिशवी घेऊन तिच्यासमोरून बाहेर पडायची. लेकरू मान वळवून माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. पुढे मोठा बोलायला लागल्यावर ताप आला की 'काकू' म्हणून कण्हायचा, आणि मी त्याच्या उशाशी बसलेली असायची.

सुनेचं बाळंतपण तिच्या माहेरी झालं. नातू माझ्यापर्यंत पोचला तेव्हा तो टबात बसून स्वतःच पाणी उडवत होता. म्हणजे या पायांवर एकही लेकरू न्हाऊन निघालं नाही. लोंबणाऱ्या कातडीचं एवढं मनाला का लागलं, ते यावरून समजावं.

मुलगी धाकटीचा गुडघा वाकवून बघत होती, तेवढ्यात मी हळूच विचारलं, "हे असं लोंबतं, त्याला काही करता येतं का?" लाजच वाटली. पण ती हसली नाही. म्हणाली, वय झालं की मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो आणि वरची कातडी सैल पडते. शिवाय साखर निघाल्यावर तुम्ही वजन झपाट्याने उतरवलं, त्यात ती आणखी सुटली. क्रीमने कातडी मऊ होईल, वर ओढली जाणार नाही. व्यायाम करून स्नायू भरला तर आतून थोडी ताणून निघेल. पूर्ण जायची नाही, पण फरक पडेल.

मग तिने टेप काढली. गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं वर खूण केली आणि आमच्या मांड्यांची मापं घेऊन लिहून ठेवली. धाकटीची उजवी मांडी डावीपेक्षा बरीच बारीक भरली. मुलगी म्हणाली, ही भरली नाही तर तुम्ही खाली बसाल, पण उठता यायचं नाही. त्यावर धाकटीने एकच विचारलं.

"दोन महिन्यानं पोरीचं बाळंतपण हाय, पहिलंच. लेकराला पायावर घ्यायचंय. जमंल का पाटावर बसायला?"

"रोज बरोबर केलं तर नक्की जमेल," मुलगी म्हणाली, आणि व्यायामाचा छापील कागद माझ्या हातात दिला. मी शिकलेली म्हणून माझ्या हातात. कागद इंग्रजीत होता. चार चित्रं आणि प्रत्येकाखाली दोन ओळी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाय सरळ उचलून धरायचा, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, भिंतीला पाठ लावून अर्धवट बसायचं. प्रत्येक प्रकार तीस वेळा, दोघींनाही सारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही बसलो. मी चष्मा लावला, कागद धरला. धाकटीने गुंडाळी गुडघ्याखाली सरकवली आणि विचारलं, "किती डाव, बाई?"

"दहा," मी म्हणाले.

चुकून निघालं असं लिहायला मला आवडलं असतं. चुकून निघालं नव्हतं. तीसचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी एकतीस वर्षं पोरांना आकडेच शिकवले आहेत. मला एवढंच दिसत होतं, की दोन महिन्यांनी घरात तान्हं बाळ येणार, आणि हिला पाटावर बसता आलं नाही तर कोण बसणार? मी बसणार.

धाकटीने दहा वेळा दाबलं, दहा वेळा उचललं, आणि "झालं व्हय एवढ्यात?" म्हणून हसून स्वयंपाकाला लागली. मी शाळेतून आल्यावर माझ्या खोलीचं दार लावून तीस तीस करायची. भिंतीला पाठ लावून अर्धवट बसायची तेव्हा मांड्या थरथरायच्या, घाम कपाळावरून डोळ्यांत उतरायचा. यजमानांनी एकदा दार ढकलून पाहिलं आणि म्हणाले, "भिंत पडायला आली का काय, टेकू देऊन राह्यलीस?" मी त्यांना हाकलून दिलं. बदामाचं तेल आणलं, मोबाइलवरून एक क्रीम मागवली, बेसन आणि साय लावून पाहिली. क्रीमने कातडी मऊ झाली, लोंबायची ती लोंबतच राहिली. मुलगी बरोबर सांगत होती. पण महिन्याभराने उभं राहून आरशात पाहिलं तेव्हा आतल्या बाजूची पिशवी थोडी आवरली होती. बोट दाबलं की खाली काहीतरी घट्ट लागत होतं. त्या दिवशी मी उगीचच शिरा केला.

रोज सकाळी मात्र कागद, चष्मा आणि दहा. धाकटी एकदाही म्हणाली नाही की हे कमी वाटतंय. तिच्या या मुकाट्यानं ऐकण्याचाही मला राग यायचा. तिने एकदा जरी शंका घेतली असती, तर मी कदाचित खरं बोलले असते. कदाचित.

सहा आठवड्यांनी दाखवायला गेलो. तीच टेप, चार बोटं वर तीच खूण. माझी मांडी भरली होती, थोडीच, पण टेपवर दिसण्याएवढी. मुलगी म्हणाली, "वा काकू, खरंच केलंत की. वरची कातडीपण बघा किती सुधारली." मला आनंद झाला, हे लपवून काय उपयोग. मग धाकटीचं माप घेतलं. जवळजवळ होतं तिथंच. मुलीचा आवाज बदलला.

"मावशी, तुम्ही करत नाही आहात. असं केलं तर कसं व्हायचं? रोज करा म्हणून मी तीन-तीनदा सांगितलं होतं."

"करून राह्यले की," धाकटी म्हणाली. "बाई सांगतात तेवढं बराबर करून राह्यले."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन लावत होते. ती आधीच लागलेली होती, म्हणून उघडून पुन्हा लावली. मुलगी मग धाकटीलाच म्हणाली, नुसतं म्हणू नका, करा. धाकटीने मान हलवली आणि साडी खाली ओढून घेतली. परतीच्या गाडीत तिने खिडकीची जागा मला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'वीस' म्हणाले. माझ्या भलेपणाची धाव तेवढीच. तीसवर यायला तोंड उघडेना, कारण तीस म्हटलं असतं तर आधीचे दहा कुठून आले ते सांगावं लागलं असतं. धाकटीने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि वीस केले.

पोरगी दिवस भरायच्या थोडं आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या आंघोळीच्या दिवशी मोरी स्वच्छ घासून ठेवली, पाणी तापवलं, पाट मांडला. धाकटी भिंतीला धरून हळूहळू पाटावर टेकली, पाय लांब केले. एवढं जमलं. मग म्हणाली, "थांबा, लेकरू घ्यायच्या आधी उठून पाहते." उजव्या पायावर भार टाकला आणि पाय थरथरून मुडपला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. शेवटी मी एका काखेत हात घातला आणि दिरांना हाक मारली. आम्ही दोघांनी तिला ओढून उभं केलं.

तिने साडीच्या पदराने तोंड पुसलं. "बाई," ती म्हणाली, "तुम्हीच बसा."

दीर बाहेर गेल्यावर मी बसले. साडी वर खोचली, पाय लांब केले. खोटं कशाला सांगू, माझी पहिली नजर माझ्याच गुडघ्यांवर गेली. बरे दिसत होते. धाकटीने प्लास्टिकची खुर्ची शेजारी ओढली, त्यावर बसली, आणि नात माझ्या पायांवर ठेवली. एवढंसं ऊन ऊन अंग माझ्या नडग्यांवर विसावलं. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी जळत होते, ते हेच. धाकटी खुर्चीवरून तांब्याने पाणी घालायला लागली, मी हात फिरवू लागले.

पोरगी आत निजली होती. मोरीत आम्ही तिघीच. धाकटी पाण्याची धार न मोडता म्हणाली, "तिसाचा आकडा मला येतो, बाई."

माझा हात बाळाच्या पाठीवरच थांबला.

"मला इंग्रजीतली नावं वाचता येत न्हाईत. फोन लावायचा तर आकडेच पाहते मी. तुम्ही कागद खिडकीत ठेवून पाणी प्यायला गेल्त्या, पहिल्याच हप्त्यात. चारी चित्राखाली तीस."

"मग केले का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही दहा म्हणत होत्या. म्हणलं, पाहू, कवा तीस म्हणतात." तिने पाण्यात बोट घालून पाहिलं, थंड पाणी थोडं मिसळलं. "त्या डॉक्टरीणबाईपुढं वाटलं, आता म्हणतील. न्हाई म्हणल्या. मंग वीस म्हणल्या, तवा वाटलं, उद्या तीस म्हणतील."

पायांवर तान्हं लेकरू असलं की माणसाला उठता येत नाही, तोंड फिरवून आत जाता येत नाही. मी तिथंच बसून राहिले. माझे भरलेले, सुधारलेले गुडघे तिच्या डोळ्यांसमोर उघडे होते आणि साडी खाली ओढायला हात मोकळा नव्हता.

"पोरं तुमची व्हती आन न्हाऊ मी घातलं," ती म्हणाली. "मला काय कळत न्हाई व्हय, शाळेत जाताना तुम्ही कशा पाह्यच्या ते. हे लेकरू पाह्यजे व्हतं तर मागायचं व्हतं. मी दिलं असतं. माझा पाय कशाला घेतला?"

नातीने तेवढ्यात रडत अंग आकसलं आणि मान माझ्या ओल्या हातातून घसरली. मी गडबडले, पोरं माझी होती, पण हे मला कधी करावंच लागलं नव्हतं. धाकटी खुर्चीवरून वाकली, दुखऱ्या पायावर भार पडला तसं तिचं तोंड वाकडं झालं, पण तिचा हात बरोबर मानेखाली गेला आणि लेकरू तत्काळ शांत झालं.

"असं धरायचं," ती म्हणाली, आणि माझा हात आपल्या हाताखाली नीट बसवून दिला. एवढं सगळं होऊनही, त्या क्षणी मला तिच्या त्या हाताचा हेवा वाटला.