यारोमीरची शेळी

सिनेमा शिकायला प्रागला निघालो, तेव्हा विमानतळावर बाबा एवढंच म्हणाले, "ज्याच्या घरी जेवशील, त्याच्यामागे वाईट बोलू नकोस." तिथे दर रविवारी मी यारोमीरच्या घरी जेवलो, आणि पुण्याला परतून त्याच्याबद्दलच वाईट लिहिलं.

फिल्म सोसायटीतल्या मित्रांनो, पुण्यात राहिलात तेही आणि माझ्यासारखे बाहेर पडलात तेही, तो लेख तुम्ही वाचला होता. आता हे वाचा.

यारोमीर दिग्दर्शक, मी त्याच्या एडिटिंग रूममधला मदतनीस. सिनेमा एका शाळामास्तरचा. त्यात एक शेळी पुढाऱ्याचं भाषण कागदासकट खाते. सरकारी अधिकारी सिनेमा तपासायला आले आणि शेळीवरच भडकले. यारोमीरने जरा वाद घातला, मग मान खाली घालून कात्री माझ्या हातात दिली. शेळी मी कापली. लेखात मी त्याला कणा नसलेला माणूस म्हटलं, आणि आपण त्याचे सिनेमे दाखवणं बंद केलं. पुढे सरकारने त्याचं कामच काढून घेतलं. तो बॉयलरमध्ये कोळसा घालत होता म्हणे. तरीही मी तो लेख मागे घेतला नाही.

बायको गेल्यावर मुलीने मला इथे परदेशात, ल्यूकन नावाच्या गावी आणलं. ती जवळच्या टॅलाच्या हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आली की विचारायची, "बाबा, करमतंय ना?" मी इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे मस्त, म्हणून मोकळा व्हायचो.

परवा तो सिनेमा तिच्या लॅपटॉपवर पुन्हा पाहिला. वर्गातला एकेक बाक रिकामा होत जातो, आणि मास्तर देश सोडून गेलेल्या मुलांची नावं हजेरीत पुकारतच राहतो. अधिकाऱ्यांना हे दिसलंच नव्हतं. मलाही नाही.

मुलीने त्याचा पत्ता शोधून व्हिडिओ कॉल लावला. माझ्या गंजलेल्या चेक भाषेत मी सगळं कबूल केलं. म्हातारा खोकेपर्यंत हसला.

"शेळी त्यांच्यासाठीच बांधली होती रे. त्यांना कापायला काहीतरी हवंच असायचं. शेळी गेली, हजेरी वाचली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला नाटक जमलं नसतं. तुझा पडलेला चेहरा पाहून तर ते समाधानाने गेले."

हल्ली रविवारी तो तिकडे जेवायला बसतो, मी इकडे; मध्ये टॅब्लेट उभा. बाबांचा शब्द उशिरा का होईना, पाळतोय. मुलगी अजूनही करमतंय का विचारते. मी ग्रँडच म्हणतो, पण आता ते खरं असतं.