बोंड फोडेपर्यंत दोन्ही

माझ्या मामावर अन्याय झाला. गेल्या पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, आमच्या उंद्रीच्या भर सभेत त्याच्या हातातला माईक हिसकावला गेला. हिसकावणारे परके नव्हते, गावचेच होते. हे जाहीर लिहितो, कारण अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात माझ्या मामाएवढा खरं बोलणारा माणूस नाही, आणि त्याच्याइतकी निरुपयोगी उत्तरं देणाराही नाही.

मामानं जन्मभर बुलढाण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. त्यातलं क्वांटम त्याला चावलं ते उतरलंच नाही. मोजेपर्यंत कण इथंही असतो अन् तिथंही, हे पोरांना सांगता सांगता मामाच तसा झाला. जेवलास का विचारलं, तर म्हणणार, ताट समोर येईपर्यंत सांगता येत नाही. एसटीत कंडक्टरनं कुठं उतरणार विचारलं, तर चिखली आणि बुलढाणा दोन्ही शक्य आहे म्हणाला. कंडक्टरनं लांबचं तिकीट फाडलं आणि शक्यता संपवली. माझ्या मावसबहिणीला बघायला पाहुणे आले होते. त्यांनी हळूच विचारलं, पोरगी रागीट तर नाही? मामा म्हणाला, लग्न होईपर्यंत रागीटही आहे अन् शांतही. पाहुणे पोहे अर्धे टाकून गेले. मावशी अजून त्याच्याशी बोलत नाही.

आता करीची सभा. बीटी कपाशी आली तेव्हा अळी गेलीच म्हणून ढोल वाजवले होते. गुलाबी बोंडअळीनं ते बीटी कधीच पचवलं. ती बंद बोंडाच्या आत बसते, बाहेरून दिसत नाही. म्हणून आमच्याकडे अधूनमधून हिरवी बोंडं तोडून, फोडून बघतात. चांगलं बोंड असं फोडताना जीव तुटतो. हे नेमकं हेरून एका कंपनीचा माणूस पडदा लावून आला. पानाचा फोटो काढा, आमची कृत्रिम बुद्धी उत्तर देईल. क्वांटम संगणकानं साऱ्या शक्यता आधीच तपासल्यात, बोंडं नासवू नका, म्हणाला. फोटो काढला. पडद्यावर हिरवी खूण आली : पीक निरोगी. टाळ्या.

मामानं माईक घेतला.

"तुमची एआय म्हंजे हजार पंगती जेवलेला पाहुणा," तो म्हणाला. "वांग्याची भाजी न चाखता मिठाचा अंदाज सांगते. अंदाज बरा असते, पण चाखणं नाही ते. क्वांटमचं सारं कसब झाकणाच्या आत. झाकण उघडलं का एकच उत्तर हाती येते, अन् ते कामाचं निघावं म्हणून लय खटपट लागते. दोघांची सोयरीक जुळन एखाद्या दिवशी. पण अजून पोरगा-पोरगी धड भेटले नाही, अन् हे पत्रिका वाटून राह्यले."

इथं थांबला असता तर जिंकला असता. थांबला नाही. कणांवर गेला, लाटांवर गेला, लोक घड्याळं बघू लागले. शेवटी मागून कोणीतरी ओरडलं, "सर, अळी हाय का नाही, तेवढं सांगा ना."

"फोडेपर्यंत दोन्ही," मामा म्हणाला.

सभा खदखदून हसली आणि माईक गेला.

दुपारी आईनं त्याला आमच्या वावरात नेलं. वर्षभर आमचं घर त्या कपाशीवरच चालतं. आई म्हणाली, "भाऊ, मले ग्यान नको. फवारू का नको?" मामानं एक हिरवं बोंड तोडलं, अंगठ्यानं दाबून फोडलं. आत बारीक गुलाबी अळी वळवळत होती. मी त्याला जन्मात पहिल्यांदा एका शब्दात होकार देताना ऐकलं.

"हाव."

आमची कपाशी बरीचशी वाचली. गावाची दसऱ्यानंतर फुटली ती पिवळी, किडकी कवडी, भाव न मिळणारा कापूस. कंपनीचा माणूस पुन्हा दिसला नाही, आणि मामाची माफीही कोणी मागितली नाही. मामा मात्र बदलला. आता चहा घेतो का विचारलं तर नुसता हो म्हणतो, आणि आमच्या घरात कोणाला करमत नाही. परवा मी विचारलं, काऊन एवढा गप्प? म्हणाला, "बापू, बोंड तथीच, सभेत फोडून दाखवाचं होतं. मी शिकवत बसलो."

मला हे मान्य नाही. चूक शिकवणाऱ्याची नाही, हिरव्या खुणेला टाळ्या वाजवणाऱ्यांची आहे. म्हणून तुम्हाला सांगतो : तुमच्या गावात कोणी पडदा लावून छातीठोक उत्तर देत असेल, तर उभे राहा आणि विचारा, आत बघितलं काय? आणि शेजारी एखादा म्हातारा लांबण लावत असेल, तर घड्याळ बघू नका. त्याला बोलू द्या.